सालीची भाकरी ते शाळेतलं गरम जेवण : फिनलंडच्या बायकांची गोष्ट



थंडी पडली की आपल्या घरात बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, तिळाची चटणी असं सुरू होतं. यातलं काहीच महागाचं नाही, पण पोटात गेलं की ऊब येते. आजची गोष्ट अशाच ऊब देणाऱ्या साध्या जेवणाची आहे. फक्त ती आपल्याकडची नाही. ती पार उत्तरेकडच्या फिनलंड नावाच्या देशातली आहे. लांबच्या देशाची गोष्ट आपण कशाला ऐकायची, असं वाटेल. पण शेवटपर्यंत ऐका. त्यात दुष्काळ आहे, बायकांचा गट आहे आणि शाळेतलं जेवणही आहे. म्हणजे ती आपल्याला अगदीच परकी नाही.

फिनलंड क्षेत्रफळानं आपल्या महाराष्ट्रापेक्षा थोडा मोठा आहे, पण तिथली माणसं आज पंचावन्न लाखांच्या थोडी वर, एवढीच. देश जंगलांचा आणि तळ्यांचा. हिवाळा लांबलचक. डिसेंबरात राजधानी हेलसिंकीमध्ये दिवस सहा तासांचाही नसतो आणि अगदी उत्तरेच्या टोकाला तर कितीतरी आठवडे सूर्य उगवतच नाही. पारा शून्याच्या खाली वीस, तीस अंशांपर्यंत जातो. तळी इतकी घट्ट गोठतात की त्यांच्यावरून घोड्याच्या घसरगाड्या जायच्या. जमीन दगडासारखी. पेरायचं, कापायचं, वाळवायचं, भरून ठेवायचं ते सगळं चार-पाच महिन्यांत. उरलेलं वर्ष त्याच्यावर काढायचं.

भट्टीची शेवटची ऊब

जुन्या फिनिश घरात मधोमध दगडामातीची मोठी भट्टी असे. घर गरम तीच ठेवायची आणि स्वयंपाकही तिच्यातच व्हायचा. सरपण एकदा पेटवायचं, निखारे झाले की बाजूला सारायचे. मग तापलेल्या दगडांच्या उष्णतेवर एकामागून एक काम काढायचं. भट्टी सगळ्यात जास्त तापलेली असताना पातळ पाऱ्या भाजायच्या. थोडी निवली की भाकऱ्या. आणखी निवली की मांसाचं मडकं किंवा सातूची खीर आत सरकवायची आणि तोंड बंद करायचं. रात्रभर ते आपोआप शिजत राहायचं. आपण चुलीवर भाकरी करता करता वैलावर आमटीचं भांडं ठेवतो, तसाच हा हिशेब. फुकट जाणारी ऊब त्या बाया जाऊ देत नसत.

त्यांची रोजची भाकरी राय नावाच्या धान्याची. ही आपली मोहरी-राई नव्हे. गव्हाच्या जातीचंच, पण काळपट आणि थंडी सोसणारं ते धान्य आहे. पिठात आदल्या वेळचं आंबोण घालून ते फुगवायचं. त्यासाठी लाकडी काथवट असे आणि ती मुद्दाम धूत नसत. कडांना चिकटून वाळलेल्या पिठातच पुढच्या वेळचं विरजण असायचं. आंबट, जड, चावायला लागणारी भाकरी, पण एक तुकडा खाल्ला की पोट बराच वेळ धरायचा.

गंमत म्हणजे एकाच देशात भाकरीच्या दोन तऱ्हा होत्या. पूर्वेकडं भट्टी सारखी पेटायची, म्हणून दर आठवड्याला मऊ, जाड भाकऱ्या भाजत. पश्चिमेकडं वर्षातून मोजक्या वेळाच भाकऱ्यांचा घाणा निघायचा. तिथल्या भाकऱ्या चपट्या आणि मधे भोक पाडलेल्या. त्या आढ्याखालच्या दांड्यावर ओवून टांगायच्या. तिथं त्या कडक वाळायच्या आणि महिनोन् महिने टिकायच्या. वर मान करून किती भाकऱ्या उरल्या ते बघितलं की घरातल्या बाईला कळायचं, हिवाळा अजून किती आहे आणि भाकरी किती आहे.

भाकरीच्या जोडीला काय? बटाटा तिथं अठराव्या शतकात आला. त्याच्या आधी सलगमाचा कंद हेच मोठं अन्न होतं. जंगल जाळून केलेल्या राखेच्या जमिनीत तो पेरायचा आणि हिवाळ्यात भट्टीच्या उरलेल्या उष्णतेवर साल न काढता भाजायचा. मीठ लावून पिंपात भरलेले छोटे समुद्री मासे असायचे. विरजलेलं दूध असायचं. त्यांच्याकडं विली नावाचं दही असतं. ते आधीच्या दह्याचा चमचाभर भाग घालूनच लावतात आणि त्याला तार सुटते. जंगलात लिंगन नावाची लाल आंबट बोरं पिकतात. या फळात मुळातच न नासण्याचा गुण आहे. नुसती चेचून किंवा पाण्यात बुडवून ठेवली तरी हिवाळाभर टिकतात. जंगलातली बोरं आणि अळंबी वेचायला तिथं जमीन कोणाची हे विचारावं लागत नाही. तो सगळ्यांचा हक्क आहे आणि आजही पाळला जातो.

गुरुवारी वाटाण्याचं दाट कालवण करायची रीत आहे. सुके हिरवे वाटाणे रात्री भिजत घालायचे, सकाळी खारवलेल्या मांसाचा तुकडा टाकून गळेपर्यंत शिजवायचे आणि नंतर गोड धिरडं खायचं. शुक्रवार हा ख्रिस्ती लोकांचा उपासाचा दिवस, म्हणून आदल्या दिवशी पोटभर खायचं, अशी ही जुनी चाल. पुढं धर्मातला पंथ बदलला, शुक्रवारचा उपास गेला, पण गुरुवारचं कालवण राहिलं. उपास सुटला तरी त्याच्या आदल्या दिवशीचं जेवण सुटलं नाही, याचं आपल्याला नवल वाटायला नको. आपल्याकडंही असंच असतं.

१८६७ चा उन्हाळा

इथपर्यंत ऐकून वाटेल, किती छान, किती सुखाचं घर. पण या जेवणामागं भीती होती. पीक आलं नाही तर काय, ही ती भीती.

१८६७ साली तसंच झालं. त्याच्या आधीच्या वर्षीही पीक धड आलं नव्हतं. त्या वर्षी वसंत ऋतू आलाच नाही म्हणायचा. मे महिन्यात हेलसिंकीचं सरासरी तापमान दोन अंशांच्याही आत होतं. काही तळ्यांवर जूनपर्यंत बर्फ होतं. पेरण्या उशिरा झाल्या. आणि सप्टेंबरच्या सुरुवातीलाच कडाक्याचं हिंव पडून उभं पीक करपलं. फिनलंड तेव्हा रशियाच्या झारच्या ताब्यात होता, पण कारभार बराचसा तिथलाच होता. त्या कारभाऱ्यांनी बाहेरून धान्य आणायला उशीर केला. समुद्र गोठायच्या आत पुरेसं धान्य पोचलं नाही. मग गोठलेल्या समुद्रातून जहाज येणार कुठून?

लोक घरं सोडून चालू लागले. बाया लेकरांना कडेवर घेऊन गावोगाव भाकरी मागत हिंडल्या. जिथं काम किंवा अन्न मिळायचं तिथं दाटी व्हायची. त्या दाटीत उवांमुळे पसरणारा ताप आणि हगवण पसरली. भुकेपेक्षा या रोगांनीच जास्त माणसं नेली. त्या दुष्काळात सुमारे दीड लाख माणसं गेली. तेव्हाची लोकसंख्या अठरा लाखांच्या आसपास होती. म्हणजे दर बारा माणसांमागं एक. त्यानंतर दहाच वर्षांच्या आत, १८७६ ते १८७८ मध्ये, आपल्या दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. कारण वेगळं, तिथं हिंव आणि इथं अवर्षण, पण रस्त्यावरचं चित्र फारसं वेगळं नव्हतं.

अशा काळात फिनिश बाई काय करायची? झाडाची साल भाकरीत घालायची. पाईन नावाचं उंच, सुयांसारख्या पानांचं झाड असतं. त्याच्या बाहेरच्या खडबडीत सालीखाली एक पांढरट, ओलसर थर असतो. तो सोलून काढायचा, वाळवायचा, कडूपणा जावा म्हणून भाजायचा, कुटायचा, दळायचा आणि रायच्या पिठात मिसळायचा. भाकरी कडवट व्हायची, तुटायची. जास्त घातली तर पोट बिघडायचं. पण पीठ पुरवठ्याला यायचं.

यात एक गोष्ट नीट बघण्यासारखी आहे. ही आतली साल उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच, झाडात रस चढलेला असतो तेव्हा नीट सुटते. हिंव पडतं ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात. म्हणजे पीक राहील की जाईल हे कळायच्या आधीच साल काढून ठेवावी लागायची. हिरवंगार शेत डोळ्यांसमोर असताना जंगलात जाऊन दुष्काळाची तयारी करायची. यासाठी अंदाज लागतो, आणि वाईट दिवस पाहिलेल्या थोरांचं सांगणं ऐकावं लागतं. ज्या घरात हे ज्ञान होतं त्या घराला निदान आधार होता. पीक गेल्यावर मग साल शोधायला निघालं तर वेळ टळलेली असायची.

रूनेबर्ग नावाच्या तिथल्या मोठ्या कवीची पावो नावाच्या शेतकऱ्यावर एक कविता आहे. ती १८३० सालची. पावोचं पीक वारंवार जातं आणि दर वेळी तो बायकोला भाकरीत साल मिसळायला सांगतो. शेवटी एकदा पीक चांगलं येतं. बायको आनंदानं म्हणते की आता शुद्ध भाकरी करू. तर तो म्हणतो, नको, शेजाऱ्याचं शेत करपलंय, आपण अर्धी साल घालूनच खाऊ. तिथल्या शाळकरी मुलांच्या कितीतरी पिढ्यांनी ही कविता शिकली आहे. पावोचा मोठेपणा खराच. पण साल कुटणारी, मिसळणारी, ती कडवट भाकरी लेकरांना समजावून भरवणारी जी बाई, तिला कवितेत नाव नाही. आपल्या घरातल्या कितीतरी बायांना असंच नाव नसतं.

मार्थाबाया

आता दुष्काळानंतर तीस वर्षांनी काय झालं ते सांगते. १८९९ साली रशियाच्या झारनं फिनलंडचे हक्क कमी करायला सुरुवात केली. देशभर खळबळ उडाली. त्याच वर्षी हेलसिंकीमध्ये काही शिकलेल्या बाया एकत्र आल्या. त्यांच्या पुढं लुसिना हागमन नावाची शिक्षिका होती. त्यांचं म्हणणं असं की देश टिकायचा असेल तर खेड्यातल्या घराघरात ज्ञान गेलं पाहिजे आणि ते बायकांनी बायकांपर्यंत न्यायचं. संस्थेचं नाव ठरलं ‘घराघरात शिक्षण’ अशा अर्थाचं. पण सरकारला त्या नावात राजकारणाचा वास आला. परवानगी मिळेना. तेव्हा बायकांनी नाव बदललं आणि मार्था हे नाव घेतलं. बायबलमध्ये मार्था नावाची बाई आहे. येशू घरी आला तेव्हा तिची बहीण त्याच्या पायाशी ऐकत बसली आणि मार्था मात्र पाहुणचाराच्या कामात गुंतली होती. स्वयंपाकपाण्यात बुडालेल्या बाईचं नाव घेतल्यावर सरकारला धोका वाटला नाही. मंजुरी मिळाली.

मग मार्थाबाया कामाला लागल्या. भाजीपाला लावा, परसात वाफे करा, बोरं टिकवा, अळंबी ओळखायला शिका. पश्चिमेकडच्या बऱ्याच लोकांना अळंबी म्हणजे गुरांचं खाणं वाटायचं. पूर्वेकडच्या बाया मात्र ती खारवून हिवाळाभर वापरायच्या. एका भागातलं हे शहाणपण दुसऱ्या भागात नेणं, हेही काम होतं. पुढं संस्थेच्या सल्लागार बाया गावोगाव हिंडून शिकवू लागल्या. शहरातल्या बायांनी येऊन खेड्यातल्या बाईला स्वयंपाक शिकवायचा, हे ऐकायला जरा खटकतं. जिनं दुष्काळात घर जगवलं तिला काय शिकवायचं? पण मला वाटतं, खरी गोष्ट शिकवण्यापेक्षा जमण्यात होती. ज्या बाया एकेकट्या भट्टीपुढं बसून विवंचना करत होत्या, त्या आता एका घरात जमून बोलू लागल्या. हे किती मोठं असतं ते गटातल्या बायांना वेगळं सांगायला नको.

बायकांचं एकत्र येणं पुढं कुठवर गेलं बघा. १९०६ साली फिनलंडच्या बायकांना मतदानाचा आणि निवडणुकीला उभं राहायचा हक्क मिळाला. युरोपात असा हक्क मिळालेल्या त्या पहिल्या बाया. तो एकट्या मार्थाबायांनी मिळवला असं नाही. कामगार बाया, मोलकरणी, शिक्षिका अशा कितीतरी जणी त्यासाठी लढल्या. १९०७ च्या पहिल्या निवडणुकीत दोनशे जणांच्या संसदेत एकोणीस बाया निवडून आल्या. त्यात लुसिना हागमन होत्या. आणि मीना सिलानपा होत्या. मीनाबाईंचा जन्म १८६६ सालचा, म्हणजे दुष्काळाच्या तोंडावरचा, गरीब शेतकऱ्याच्या घरातला. बाराव्या वर्षी त्या कारखान्यात कामाला लागल्या, पुढं घरकामाच्या मोलकरीण झाल्या. मोलकरणींची संघटना त्यांनी चालवली. आणि १९२६ साली त्या देशाच्या पहिल्या स्त्री मंत्री झाल्या. भुकेच्या वर्षांत जगलेली एक मुलगी मंत्रिमंडळात बसली.

लढाई, पाऱ्या आणि शाळेची खिचडी

१९१७ साली फिनलंड स्वतंत्र झाला. पण १९३९ साली पुन्हा संकट आलं. सोव्हिएत रशियाशी लढाई झाली, नंतर पुन्हा दुसरी झाली आणि १९४४ पर्यंत देश त्यात अडकला. पूर्वेकडचा करेलिया हा मुलूख हातातून गेला. तिथल्या चार लाखांवर लोकांना घरदार सोडून देशाच्या इतर भागांत यावं लागलं. लोकसंख्येच्या मानानं बघितलं तर दर दहा माणसांत एक विस्थापित.

या बायांनी काय आणलं असेल? घर, शेत, भट्टी, सगळं मागं राहिलं. हातातली कला मात्र आली. करेलियाची पारी म्हणजे रायच्या पिठाची कागदासारखी पातळ पोळी. तिच्यात सातूची दाट खीर, नंतरच्या काळात भात किंवा बटाटा भरायचा, कडा चिमटीनं मुडपायच्या आणि कडक भट्टीत भाजायच्या. वर लोणी आणि उकडलेलं अंडं कुस्करून लावायचं. पश्चिमेकडच्या गावांत या पाऱ्या लोकांना नव्या होत्या. ज्यांच्या घरी आसरा घेतला त्यांच्या भट्टीत या बायांनी आपल्या पाऱ्या भाजल्या. आज ती पारी साऱ्या देशाची झाली आहे, कुठल्याही दुकानात मिळते. जमीन परत मिळाली नाही. पण खाणं राहिलं.

लढाईच्या काळात सगळं मोजूनमापून मिळायचं. साखर आणि कॉफी तर १९३९ च्या शेवटीच रेशनवर आली आणि कॉफीचं रेशन थेट १९५४ ला उठलं. कॉफीशिवाय जिथं पाहुणचार होत नाही तिथं बाया धान्य आणि मुळं भाजून तिच्याऐवजी उकळायच्या. ज्यांच्या घरी १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी आहेत त्यांना हे कळेल. अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आणि खडीच्या कामावर वाटलेली सुकडी, यांची चव आपल्या आज्या अजून सांगतात.

आणि याच टंचाईत, १९४३ साली, फिनलंडनं कायदा केला की प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला शाळेच्या दिवशी एक वेळचं जेवण फुकट मिळालं पाहिजे. गावांना तयारीला पाच वर्षं दिली. १९४८ पासून ते देशभर सुरू झालं. सगळ्या मुलांना, गरीब-श्रीमंत न बघता, कायद्यानं फुकट जेवण देणारा तो पहिला देश मानला जातो. जेवण काय? खीर, पेज, वाटाण्याचं कालवण. जे घरात शिजायचं तेच. भाकरी आणि दूध मुलं घरून आणायची. सुट्टीत मुलांनी बोरं वेचून आणायची, शाळेच्या मळ्यात काम करायचं. देश श्रीमंत झाला आणि मग जेवण दिलं, असं नाही. हातात काही नव्हतं तेव्हाच त्यांनी ठरवलं की पोरं उपाशी बसणार नाहीत.

आपल्याकडं अनेक गावांत शाळेचा पोषण आहार बचत गटाच्या बाया शिजवतात. मोठ्या पातेल्यात खिचडी ढवळताना हे काम साधं वाटतं, दमवणारं वाटतं आणि त्याचा मोबदला कष्टाच्या मानानं थोडाच असतो. पण या कामाला किती मोठा इतिहास आहे ते या गोष्टीवरून कळतं.

फिनलंडला स्वातंत्र्य मिळून २०१७ साली शंभर वर्षं झाली. तेव्हा राष्ट्राचं खाणं कोणतं यावर लोकांनी मतं दिली. निवडून आली ती रायची काळी, आंबट भाकरी. पक्वान्न नाही, मेजवानी नाही. ज्या भाकरीत एकेकाळी झाडाची साल मिसळावी लागली तीच.

मैत्रिणींनो, आता एक काम सांगते. पुढच्या मासिक बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला की अर्धा तास काढा. गावातल्या दोन-तीन म्हाताऱ्या आज्यांना बोलवा. त्यांना विचारा की वाईट वर्षांत घरात काय शिजायचं. कोणती रानभाजी कधी निघायची, कोणता कंद किती वेळा उकळून पाणी टाकायचा, पीठ कशात मिसळून पुरवायचं, कोणती भाकरी किती दिवस टिकायची. आणि ही गोष्ट त्यांना कोणी शिकवली, तेही विचारा. गटात जी मुलगी लिहिणारी असेल तिच्याकडून ते वहीत उतरवून घ्या आणि सांगणाऱ्या आजीचं नाव वर मोठ्या अक्षरात लिहा. पावोच्या बायकोचं नाव आज कोणालाच सांगता येत नाही. आपल्या आज्यांची नावं मात्र आपल्याला माहीत आहेत. ती लिहून ठेवायची राहिली आहेत, एवढंच.